पाकीट धरणारा हात

कोकणात तिसऱ्या उघडायच्या असल्या की बायका सुरी घेत नाहीत, आडाळो घेतात. मालवणीत आडाळो, गोव्यात आदोळी, घाटावर विळी. एक पाय दुमडून पाटावर बसायचं, तिसरी दोन्ही हातांच्या बोटांत धरायची, तिची फट पात्याला लावायची आणि हलकेच पुढे रेटायची. पातं हलत नाही, तिसरी हलते. शिंपला उघडला की मांस एका शिंपीत ठेवायचं आणि दुसरी शिंपी टाकून द्यायची. अशा तिसऱ्यांच्या कालवणाला एकशिपी म्हणतात ते त्यामुळेच. माझी आजी पाटीभर तिसऱ्या अशा उघडायची, आणि तेवढ्या वेळात तिचं बोलणं एकदाही थांबायचं नाही.

प्लास्टिकच्या पॅकिंगच्या धंद्यात एका प्रकाराला ‘क्लॅमशेल’ म्हणतात. क्लॅम म्हणजे तिसऱ्यांच्याच कुळातला शिंपला. पारदर्शक, कडक, दोन पाखांचं आणि कडेनं बंद केलेलं हे पाकीट. पेनड्राइव्ह, इअरफोन, ट्रिमर, टूथब्रशांचा संच, मुलांच्या गाड्या अशा कितीतरी वस्तू त्यात येतात. नाव शिंपल्याचं असलं तरी ते उघडताना मात्र आपण आजीच्या नेमकं उलट वागतो. पाकीट डाव्या हातात किंवा मांडीवर धरतो, उजव्या हातात सुरी घेतो आणि जोर लावतो.

माझ्या मोठ्या बहिणीनं टूथब्रशांचं पाकीट असंच भाजीच्या सुरीनं उघडायला घेतलं होतं. सुरी अडली, तिनं जोर वाढवला, प्लास्टिक एकदम सुटलं आणि पातं डाव्या तर्जनीच्या मुळाशी शिरलं. जखम दीड सेंटिमीटरची. टाके पडले, निघालेही. पण बोटाच्या एका बाजूचा चेतातंतू तुटला होता, ते उशिरा लक्षात आलं. त्या बोटाच्या अर्ध्या शेंड्याला सुईचं टोक टोचतंय की नुसता स्पर्श होतोय, हे आज नऊ वर्षांनीही तिला कळत नाही. ती शिवणकाम करते. हे प्रकरण लिहायचं ठरवलं ते तिच्या त्या बोटामुळे.

आधी हे पाकीट इतकं चिवट का असतं ते बघू. पीव्हीसी किंवा पेट या प्लास्टिकचा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा तापवून मऊ करतात. खालून हवा ओढून घेतली की तो साच्यावर ताणून बसतो, आणि थंड झाला की तोच आकार धरतो. वस्तू आत ठेवून दोन्ही पाखं मिटतात आणि कडा जोडतात. ही जोडणी काही ठिकाणी नुसत्या उष्णतेनं होते. पीव्हीसीसाठी आणखी एक पद्धत आहे: सेकंदाला 2 कोटी 71 लाख वेळा दिशा बदलणारं विद्युतक्षेत्र कडांमधून सोडतात. पीव्हीसीच्या रेणूत एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्या टोकाला किंचित ऋण भार असतो. क्षेत्र दिशा बदलेल तसे हे रेणू हलतात, आतूनच तापतात आणि दोन्ही पत्रे एकजीव होतात. शिवण म्हणून जी रेघ आपल्याला दिसते तिथे दोन थर उरलेलेच नसतात. म्हणून कडेला नख घालून ते सोलायचा प्रयत्न केला तर नखच तुटतं.

दुसरी गोष्ट या प्लास्टिकच्या स्वभावाची. काच कडक असते, पण चटकन फुटते. पेट वाकतं, ताणलं जातं आणि फाटायच्या आधी खूप ऊर्जा गिळून बसतं. मात्र त्याला एकदा खाच पडली की सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो आणि फट भराभर पुढे सरकते. त्यामुळे सुरीखाली बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एका क्षणात सगळं होतं. हा क्षण किती लहान, त्याचा ढोबळ हिशेब करता येतो. समजा, सुरीवर 5 किलो वजनाएवढा जोर लावला आहे आणि हलणाऱ्या हाताचं वजन दीड किलो धरलं. अडथळा अचानक गेला, तर 10 सेंटिमीटर अंतर पार करायला त्या हाताला सेकंदाचा साधारण तेरावा भाग लागतो. काहीतरी घडलं हे जाणवून स्नायू आवरायला माणसाला सेकंदाचा निदान सहावा-सातवा भाग हवा. म्हणजे ‘मी सावध आहे’ याला इथे अर्थ नाही. सुरी सुटल्याचं मेंदूला कळेपर्यंत ती पोचलेली असते. सावधपणा दाखवायचा तो जोर लावायच्या आधी.

अशी पाकिटं आली कुठून, हाही प्रश्न पडायला हवा. वाण्याच्या दुकानात माल फळीच्या पलीकडे असायचा आणि गिऱ्हाईक अलीकडे. वाणी वस्तू काढून हातात द्यायचा, पुडी बांधून दोरा गुंडाळायचा. वस्तू चोरीला जायची शक्यता कमी आणि तिची माहिती सांगायला वाणी समोर हजर. 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं, तिथे गिऱ्हाईक स्वतःच आत फिरून माल उचलू लागलं. ही पद्धत जगभर गेली आणि वाण्याची कामं पॅकिंगवर आली. वस्तू दिसली पाहिजे, लटकवता आली पाहिजे, तिच्यावर मजकूर मावला पाहिजे आणि बोटभर वस्तू खिशात सरकवता येऊ नये म्हणून पाकीट हातभर पाहिजे. वस्तू जितकी लहान आणि महाग तितकं तिचं कवच मोठं, ते याचमुळे. घरी नेल्यावर हे कवच कोण आणि कशानं उघडणार, याचा विचार त्या यादीत बराच काळ नव्हता.

असं आधीही घडलेलं आहे. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट पीटर ड्युरँड यांनी इंग्लंडमध्ये 1810 साली घेतलं. डबा उघडण्याच्या हत्याराचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट एझ्रा वॉर्नर यांना मिळालं ते 1858 साली. मधली जवळजवळ पन्नास वर्षं लोक छिन्नी-हातोडी आणि सैनिक संगिनी घेऊन डबे फोडत होते. कडेवरून चाक फिरवत जाणारा ओपनर विल्यम लायमन यांनी 1870 साली आणला. प्लास्टिकच्या कवचाबाबत आपण अजून छिन्नी-हातोडीच्याच काळात आहोत असं मला वाटतं. बदल सुरू झाला आहे, पण हळू. अॅमेझॉननं 2008 साली काही वस्तू सहज उघडणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत द्यायला सुरुवात केली. 2015 साली पॅकिंग सहज उघडता यावं यासाठी आयएसओ 17480 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. आपल्या बाजारातली पाकिटं मात्र बहुतेक जुन्याच वळणाची आहेत, तेव्हा हत्याराकडे वळू.

मराठी स्वयंपाकघरात कापायच्या तीन तऱ्हा पूर्वीपासून आहेत. सुरीचं पातं मोकळं असतं. ते हातातून सुटलं की कुठे जाईल याला धरबंद नाही. विळीचं पातं जागेवर असतं. वस्तू त्याच्याकडे न्यायची. तिसरा अडकित्ता: वरचं पातं धारदार, खालचा जबडा बोथट, दोन्ही एका खिळ्याला बांधलेले. सुपारी कितीही टणक असली आणि कितीही अचानक फुटली तरी पातं खालच्या जबड्यावर थांबतं, त्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. कात्री याच कुळातली. जगात पाकीट उघडायची जेवढी हत्यारं निघाली ती याच तीन घराण्यांत बसतात. कडक प्लास्टिकला अडकित्त्याचं घराणं लागतं. जोर कितीही लागला तरी तो दोन पात्यांच्या मध्येच संपतो, डाव्या हाताकडे वळत नाही.

पण कात्री कोणती? शिवणाची कात्री यासाठी वापरू नका. ती कापडासाठी बारीक धार लावलेली असते, प्लास्टिकनं तिची धार जाते आणि कडेच्या जाड भागावर पाती एकमेकांपासून फाकतात. स्वयंपाकघरातली जाड, आखूड पात्यांची कात्री चालते. एका पात्याला बारीक दाते असतील तर उत्तम, कारण ते प्लास्टिकला घसरू देत नाहीत. मला सर्वांत आवडते ती अपघाताच्या वेळी वापरायची वाकडी कात्री. अॅम्ब्युलन्समधल्या माणसांकडे ती असते आणि औषधांच्या मोठ्या दुकानातही साधारण दोनतीनशे रुपयांत मिळते. तिच्या खालच्या पात्याचं टोक चपटं, बोथट असतं. जखमी माणसाच्या अंगावरची जीन्स किंवा पट्टा कापताना ते टोक कातडीवरून सरकावं, टोचू नये, म्हणून ते तसं केलेलं असतं. पाकिटात घातल्यावर तेच टोक आतल्या वस्तूला ओरखडा पाडत नाही आणि धरणाऱ्या बोटालाही लागत नाही.

फार जाड कवच असेल तर पत्रा कापायची कात्री घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानात स्निप म्हणून जी मिळते ती. तिचा एक प्रकार विमानाचे पत्रे कापण्यासाठी तयार झाला, म्हणून त्याला अजून ‘एव्हिएशन स्निप’ म्हणतात. त्यात एकाऐवजी दोन तरफा जोडलेल्या असल्यामुळे मुठीचा थोडा जोर पात्यापाशी कितीतरी पट होतो. संधिवातानं बोटं आखडलेल्या माणसाला याचा मोठा आधार आहे. मुठीचे रंग सहसा ठरलेले असतात: सरळ कापायला पिवळी, डावीकडे वळायला लाल, उजवीकडे हिरवी. घरासाठी पिवळी घ्यावी.

डबे उघडायचा चाकाचा ओपनरही काही पाकिटांवर चालतो. कड सरळ आणि फार रुंद नसेल तर चाक कडेवर अडकवायचं आणि किल्ली फिरवत जायचं. लायमन यांची कल्पना अशी वेगळ्याच डब्याच्या कामी येते. वळणावर मात्र तो सुटतो, तिथे कात्रीच हवी. वापरून झाला की धुऊन ठेवावा, कारण त्यानंतर तो अन्नाच्या डब्यावर जाणार आहे.

आता कटरविषयी, कारण बहुतेक घरांत हाताशी तोच असतो. पुढचा तुकडा मोडून नवी धार काढायची, हा कटर ओसाकातल्या योशिओ ओकादा यांनी 1956 साली बनवला. छापखान्यात कागद कापताना पात्यांची टोकं बोथट व्हायची आणि बाकीचं पातं धड असूनही फेकावं लागायचं, हे त्यांना खटकत होतं. चांभार फुटक्या काचेच्या तुकड्यानं तळवे तासत आणि धार गेली की काच पुन्हा फोडत. अमेरिकी सैनिकांकडून मिळणाऱ्या चॉकलेटच्या वडीवर तुकडे मोडायच्या रेघा असत. या दोन गोष्टी त्यांनी जोडल्या. जपानीत ‘ओरु’ म्हणजे मोडणं आणि ‘हा’ म्हणजे पातं. ‘ओल्फा’ हे नाव त्यातून आलं. एका कामगाराच्या काटकसरीतून आलेलं हे फार सुंदर हत्यार आहे, आणि कागद, पुठ्ठा, चिकटपट्टी यांसाठी त्याला तोड नाही. पण जे पातं मोडण्यासाठीच बनवलं आहे ते कडक प्लास्टिकमध्ये खुपसून तिरकं वळवलं तर मोडणारच, आणि तुकडा डोळ्याकडेही उडू शकतो. खोक्यावरची चिकटपट्टी कापतानाही एकच तुकडा बाहेर काढावा. पातं जितकं लांब तितकं ते वाकतं.

विळीच्या घराण्यातलंही एक हत्यार आहे: प्लास्टिकच्या मुठीत दडवलेलं छोटं पातं, ज्याच्या खाचेत पिशवीची कड सरकवायची. खाच इतकी अरुंद असते की बोट आत जात नाही. कुरिअरच्या पिशव्या आणि खोक्यांभोवतीच्या पट्ट्या यांना ते छान लागू पडतं. पट्टी कापताना मात्र तोंड बाजूला ठेवा. ती ताणलेली असते आणि सुटली की सपकन उसळते.

प्रत्यक्ष उघडताना पाकीट टेबलावर किंवा ओट्यावर ठेवा. मांडीवर नको, हवेत नको, आणि दातांनी तर कधीच नको. आधी ते उलटं करून पाहा. पुष्कळ पाकिटांच्या पाठीवर ठिपक्यांची रेघ किंवा उचलायचा कोपरा असतो, तो आपल्या नजरेतून सुटतो. वस्तू, वायर, माहितीपत्रक आणि विशेषतः बॅटरी कुठे आहे ते बघून घ्या. लिथियमची बॅटरी कात्रीत सापडली तर शॉर्ट होऊन पेटू शकते. मग जाड कडेच्या किंचित आतून, जिथे पत्रा एकेरी आहे तिथून, कापायला सुरुवात करा. प्लास्टिक कात्रीच्या टोकाशी धरू नका, खिळ्याजवळ खोल घ्या. मूठ खिळ्यापासून 8 सेंटिमीटरवर असेल आणि प्लास्टिक 2 सेंटिमीटरवर, तर जोर चौपट होतो. तेच टोकाशी, 8 सेंटिमीटरवर धरलं तर जेवढा लावाल तेवढाच मिळतो. कात्री पूर्ण मिटवू नका. टोक मिटलं की तिथे पायरी पडते, पुढचा काप थोडा बाजूनं सुरू होतो आणि मध्ये एक काटा उभा राहतो. पाऊण मिटवायची, पुढे सरकवायची, पुन्हा पाऊण. कोपऱ्यावर काटकोन न करता गोलाई द्या आणि वळताना कात्रीऐवजी पाकीट फिरवा.

एवढ्यानं निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यात माणसं घाई करतात. एक बाजू कापली की फटीत बोटं घालून पाखं ओढतात. ताज्या कापलेल्या प्लास्टिकची कड स्वतःच पात्यासारखी असते, आणि ओढताना ती बोटांभोवती मिटते. सुरीनं नव्हे, या कडेनं झालेल्या जखमाही मी पाहिल्या आहेत. तीन बाजू कापा, चौथी बिजागरीसारखी ठेवा, झाकण पूर्ण उघडा आणि मगच वस्तू उचला. साधे कापडी हातमोजे या कडेपासून थोडं रक्षण करतात. सुरीला ते अडवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर सुरी हातात घेऊ नये.

याच कुळातलं आणखी एक पाकीट प्रत्येक घरात आहे: औषधाच्या गोळ्यांची पट्टी. पीव्हीसीचे फुगे, मागे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. ते दाबून उघडायचं असतं, कापून नाही. पण आपल्याकडे दुकानदार पट्टीतल्या दोनच गोळ्या कात्रीनं कापून देतो, आणि घरीही वयस्क माणसांच्या सोयीसाठी आपण एकेक गोळी कापून डबीत भरतो. त्या चौकोनी तुकड्याचे चारही कोपरे धारदार असतात. अंधारात, चष्म्याशिवाय, मूठभर गोळ्यांबरोबर तो गिळला गेला तर अन्ननलिकेत रुततो, कधी आतड्याला भोकही पाडतो. जपानमध्ये अशा घटना वारंवार घडू लागल्यावर 1996 पासून पट्टीवरच्या मोडायच्या रेघा एकाच दिशेला ठेवल्या गेल्या, म्हणजे सुटी गोळी मोडूनच येऊ नये. आपल्याला घरातल्या घरात एवढं करता येईल: बाबांसाठी किंवा आईसाठी गोळ्या काढून ठेवायच्या असतील तर कवचातून पूर्ण बाहेर काढूनच डबीत ठेवाव्यात, फार दिवसांच्या एकदम काढू नयेत, आणि ओल लागू नये म्हणून जी औषधं पट्टीतच ठेवायची असतात ती कोणती ते औषधवाल्याला विचारावं. दुकानातून कापून आणलेल्या पट्टीवर मुदतीची तारीख शाबूत आहे का, तेही तिथेच पाहावं.

आणि इतकं करूनही हात कापलाच तर? स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा आणि 10-15 मिनिटं कापड उचलून बघू नका. बोटात अंगठी असेल तर लगेच काढा. सूज आल्यावर ती निघत नाही. खोल जखमेत हळद दाबू नका, कारण आत काय तुटलंय ते डॉक्टरांना दिसलं पाहिजे. रक्त थांबलं की दोन गोष्टी तपासा. बोटाचं प्रत्येक पेर स्वतंत्रपणे वाकतं का? शेंड्याच्या दोन्ही बाजूंना स्पर्श कळतो का? यांपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर जखम नखाएवढी असली तरी त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रिया होतात अशा रुग्णालयात जा. तळव्याच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा भाग विशेष नाजूक आहे. तिथे बोट वाकवणाऱ्या दोन कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात. अमेरिकी शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं, कारण त्या काळी तिथली तुटलेली कंडरा जोडली तरी ती नळीलाच चिकटून बसायची आणि बोट हलायचं नाही. आता तिथल्या कंडरा जोडता येतात. पण त्यानंतर कित्येक आठवडे पट्टी, ठरावीक व्यायाम, आणि सुमारे तीन महिने त्या हातानं जड काही उचलायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, हेही डॉक्टरांना सांगा. माझ्या बहिणीला त्या दिवशी कोणी ‘शेंड्याला स्पर्श कळतोय का?’ एवढं विचारलं असतं, तर तंतू वेळेवर जोडता आला असता.

शेवटी उरतं ते रिकामं कवच. त्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. 1 म्हणजे पेट, 3 म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, त्यातून आम्लाचा विषारी धूर निघतो. आणि कचऱ्यात टाकताना त्याच्या कडेचा विचार करा. आपण कात्री ठेवून देतो तेव्हा ते पाकीट उघड्या हातांनी धरणारं आणखी कुणी बाकी असतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला लोकांना सांगितलं, ते वर्गीकरण करणाऱ्या बाईचा हात नकळत त्यात जाऊ नये म्हणून. कापलेल्या कवचासाठी ठिपक्याचीही गरज नाही. काटे कात्रीनं छाटून टाकायचे, धारेच्या कडा आत वळवायच्या, एक पाख दुसऱ्यात बसवून वरून चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा. कटरच्या मोडलेल्या पात्यांसाठी झाकणाचा एखादा पत्र्याचा डबा ठेवावा. तो भरला की झाकण पक्कं चिकटवून वर ‘पाती’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्यावा.